चाकांचें गांव आणि एक जुनी जीप

मुंबईहून पुण्यास किंवा कोंकणांत जाणाऱ्या माणसास पनवेल बहुधा गाडीच्या खिडकींतूनच ठाऊक असतें. चहा, वडा आणि रस्त्यांचा तिठा यांपलीकडे त्याची ओळख सहसा जात नाहीं. गांवांत राहणाऱ्यांस याचें फारसें वाईट वाटत नाहीं, कारण पनवेलचें सारें महत्त्व पहिल्यापासून वाटेमुळेंच आहे. आगगाडी नव्हती त्या काळीं मुंबईचा प्रवासी होडीनें खाडींतून पनवेल बंदरास उतरे व तेथून खोपोलीवरून बोरघाट चढून देशावर जाई. १८३० सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्तें बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरच्या बैलगाड्यांच्या रांगा बंदरापर्यंत येऊं लागल्या. १८५२ इतक्या लवकर येथें नगरपालिका स्थापन झाली, यावरून त्या वर्दळीची कल्पना येईल. पुढें १८६३ सालीं लोहमार्ग बोरघाट चढला व बरीचशी वाहतूक त्यानें ओढून नेली. तरी गांव ओस पडलें नाहीं. आतां तर २०१६ पासून येथें महानगरपालिका आहे, आणि शेजारीं २०२५ च्या ऑक्टोबरांत विमानतळाचेंही उद्घाटन झालें.

इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत पनवेलच्या एका धंद्याची मुद्दाम नोंद आढळते. तो धंदा म्हणजे गाडीचीं चाकें करण्याचा. देशावरून माल घेऊन उतरलेली जवळजवळ प्रत्येक गाडी परततांना येथें चाकांची एक जोडी विकत घेई, असें त्यांत म्हटलें आहे. घाट उतरतांना चाकांचे काय हाल होत असतील हें ज्यानें बोरघाट पायीं पाहिला आहे त्यास निराळें सांगावयास नको. तुंबा, त्यांत ठोकलेले आरे, भोंवतालचा लाकडी परिघ आणि त्यावर लोखंडी धाव, असें तें चाक. त्यांत खरें कसब धाव बसविण्याचें. धाव लाकडी परिघापेक्षां किंचित् लहान करावयाची, गोवऱ्यांच्या आगींत लाल होईपर्यंत तापवावयाची, म्हणजे ती फुगते. तशीच चिमट्यांनीं उचलून चाकावर चढवावयाची व वरून घळघळ पाणी ओतावयाचें. धाव आकसते आणि सगळे सांधे असे आवळून धरते कीं, खिळ्याची गरजच उरत नाहीं. ही विद्या आज पनवेलांत कोणाच्या पोटापाण्याची राहिलेली नाहीं. तथापि त्या विद्येंतील नियम कोठें गेला नाहीं. मोटारीच्या एंजिनांत फ्लायव्हील म्हणून जें जड चक्र असतें, त्याच्या कडेचें दांतेरी कडें झिजलें म्हणजे लेथवाला नवें कडें तापवून असेंच चढवितो व निवूं देतो. कळंबोलीच्या एका लेथवर मी हें काम उभ्याउभ्या पाहिलें, तेव्हां गॅझेटियरांतील तें वाक्य मला पुरतें कळलें.

लेथवर मी गेलों होतों तो आमच्या घरच्या जीपच्या कामासाठीं. या लेखाचा विषय तीच आहे.

जीप ही जातीनेंच दुरुस्तीसाठीं जन्मलेली गाडी. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यास हलकी, चारही चाकांनीं ओढणारी गाडी हवी होती, आणि पहिल्या नमुन्यासाठीं त्यानें अवघी सात आठवड्यांची मुदत दिली. १९४० सालीं बँटम नांवाच्या लहानशा कंपनीनें कार्ल प्रॉब्स्ट या यंत्रविशारदाकडून आराखडा करवून तो नमुना वेळेवर उभा केला. परंतु मोठें काम मिळालें तें विलिस आणि फोर्ड यांना. युद्ध संपेपर्यंत त्या दोघांनीं मिळून सहा लाखांवर गाड्या केल्या. मोठमोठ्या कंपन्यांकडून लहानांचें असें होतें, याचें हें कांहीं एकच उदाहरण नव्हे. आपल्याकडे १९४५ सालीं जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्र हे बंधू आणि गुलाम महंमद यांनीं ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री व पुढें गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ सालीं कंपनीचें नांव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असें पालटलें. विलिसच्या परवान्यानें जीपगाड्या मुंबईंत जुळविण्याचें काम या कंपनीनें हातीं घेतलें. विलिसनें १९५३ सालीं काढलेला ‘सीजे-३बी’ हा नमुना अमेरिकेंत १९६८ सालीं बंद पडला, पण आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षें निघत राहिला. त्याचें नाक पूर्वीच्या जीपपेक्षां उंच दिसतें, याचें कारण एंजिनांत आहे. पेट्रोलवायु आंत घेणारी झडप त्यांत बाजूची काढून माथ्यावर नेली, एंजिनाची उंची वाढली, म्हणून वरचें झांकणही उचलावें लागलें.

सरकारी खात्यांतून वापरून झालेल्या अशा जीपा लिलावांत निघत. आमच्या आजोबांनीं एक घेतली. तिचें सुकाणू डाव्या हातास आहे, आणि पाठीवर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ हीं अक्षरें अद्याप पुसट दिसतात. प्रबळगडाच्या पायथ्याकडे आमचें थोडें शेत आहे. नेऱ्यावरून मालडुंग्याकडे जाणारा रस्ता आतां डांबरी झाला असला तरी शेताकडे वळणारा शेवटचा तुकडा ओढ्यांतून व भाताच्या बांधांवरून जातो. पावसाळ्यांत तेथें दुसरी कोणतीही गाडी जात नाहीं. घरांत जीप राहिली ती या ओढ्यामुळें, हौसेमुळें नव्हे. निदान थोरले काका तरी काकूंना असेंच सांगतात.

पनवेलास वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि खाडीवरचा खारा वारा बारा महिने असतो. जुन्या लोखंडास याहून वाईट हवा शोधून सांपडावयाची नाहीं. म्हणून आमच्याकडे दुरुस्तीचें वर्ष पंचांगाप्रमाणें चालतें. आश्विन सरला, ओढा उतरला, कीं जीप अंगणांत ठोकळ्यांवर चढते. पहिलें काम धुण्याचें. चासीच्या पोकळ तुळयांना खालून बारीक भोंकें असतात. तीं चिखलानें बुजलीं म्हणजे आंत पाणी सांठून पत्रा आंतून खातें, आणि वरून रंग नवा दिसत असतां एके दिवशीं पाय खालीं जातो. हीं भोंकें सायकलच्या आऱ्यानें मोकळीं करणें हें घरांतल्या मुलांचें काम. त्यानंतर तळपत्र्यावर हातोडीचे हलके टोले मारीत जावयाचें. चांगला पत्रा खणकन् वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. नवें मडकें घेतांना बायका जी परीक्षा करितात तीच ही. बद्द वाजेल तेवढा भाग कापून तेथें अठरा गेजचा पत्रा डागावा, गंज घांसून लोखंड उघडें करावें आणि त्याच दिवशीं रेड ऑक्साइडचा हात द्यावा. ‘उद्यां देऊं’ म्हटलें कीं, पनवेलच्या हवेंत सकाळपर्यंत तांबूस पूट चढलेंच.

दुसरें काम तेलांचें. ओढ्यांतून गेलेल्या गाडीच्या डिफरेन्शियलमध्यें पाणी शिरलें कीं नाहीं हें पाहण्यास विद्वत्ता लागत नाहीं. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळीं खालचा बोल्ट किंचित् सैल करावा. पाणी तेलापेक्षां जड, तें तळाशीं बसलेलें असतें, म्हणून पहिल्यानें तेंच येतें. तेल ताकासारखें पांढुरकें निघालें तर समजावें कीं, पाणी आणि तेल घुसळून एकजीव झालें आहे, आणि तें सगळें बदललेंच पाहिजे. पुढच्या चाकांना वळविणारा जो गोल सांधा असतो त्यांत नमद्याची पट्टी असते. ती कुजली म्हणजे चिखल आंत व ग्रीस बाहेर, असा उलटा व्यवहार सुरू होतो. हा सांधा उघडून रॉकेलनें धुणें हें घाणेरडें पण समाधान देणारें काम आहे. चाकें काढतांना एक गोष्ट नवख्यास ठाऊक असावी. या जीपांच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे बहुधा उलटे असतात. ते नेहमींच्या रीतीनें सैल करूं जाणारा पुरुष ते अधिकाधिक आवळतो, पान्यावर उभा राहतो, आणि शेवटीं स्टड मोडून हातांत घेतो.

एंजिनाविषयीं फार लिहीत नाहीं. चार सिलिंडरांचें तें साधें यंत्र आहे. ठिणगी एक, तीन, चार, दोन या क्रमानें पडावी आणि डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटांत वीस हजारांश इंचाची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची फट असावी, एवढें सांभाळलें तर तें रुसत नाहीं. अलीकडे मात्र पेट्रोलची एक निराळीच पंचाईत झाली आहे. २०२५ पासून देशांत मिळणाऱ्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. उसाच्या मळीचें व धान्याचें हें मद्यार्क हवेंतलें पाणी शोषून घेतें, आणि पन्नास वर्षांपूर्वींच्या रबराच्या नळ्या व पंपाचे पडदे त्यानें फुगतात किंवा चिरतात. नव्या गाड्या त्या हिशेबानें केलेल्या असतात. जुनीस तें ठाऊक नाहीं. उपाय अवघड नाहीं. इंधनाच्या सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घालाव्या, आणि गाडी दीर्घकाळ उभी राहावयाची असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा.

आतां ब्रेकांकडे येतों, कारण आमच्या घरांत जीपवरून जो वाद झाला तो ब्रेकांवरूनच झाला.

हल्लींच्या मोटारींत ब्रेकांच्या तेलाचे मार्ग दोन केलेले असतात. एक फुटला तरी दुसरा गाडी थांबवितो. जुन्या जीपमध्यें मार्ग एकच. चारांपैकीं एका चाकाची नळी फुटली कीं, पायाखालचा पेडल सरळ तळास जातो आणि चारही चाकें मोकळीं होतात. शिवाय ब्रेकचें तेलही हवेंतील ओल शोषणाऱ्यांपैकींच आहे. ओल आली म्हणजे त्याचा उत्कलनबिंदु खालीं येतो. घाट उतरतांना चाकें तापलीं कीं, तेलांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्यामुळें पायाचा जोर चाकापर्यंत पोंचतच नाहीं. कोंकणाच्या हवेंत तें तेल दोन वर्षांपलीकडे ठेवूं नये. तीन वर्षांपूर्वीं आम्हीं पुढच्या चाकाची रबरी नळी बदलली. दुकानदारानें नवी व अस्सल म्हणून दिलेली ती नळी चार महिन्यांत मध्येंच फुग्यासारखी फुगली. गाडी अंगणांत होती, कोणीतरी सहज पेडल दाबून पाहत होतें, म्हणून तें दिसलें. त्याच गाडींतून दोन दिवसांनीं घरचीं पांच मुलें कर्नाळ्याचें अभयारण्य पाहण्यास जावयाचीं होतीं.

त्या संध्याकाळीं काकूंनीं आपली वही काढली. जीपवर झालेला प्रत्येक खर्च त्या वहींत आहे. काकू म्हणाल्या, “पैशाचें मी कांहीं बोलत नाहीं. पण ज्या गाडीचा ब्रेक घरच्या पुरुषांनीं रविवारीं हौसेनें जोडला आहे, तींत मी मुलांना बसवूं कीं नको, एवढें मला सांगा.” यावर कोणासही पटकन् उत्तर सुचलें नाहीं. प्रश्न बरोबर होता. स्वतःच्या हातानें केलेल्या कामावर माणसाचा विश्वास अधिक बसतो. पण विश्वास बसणें व काम बिनचूक असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या बाजूनें थोरल्या काकांचेंही म्हणणें पोकळ नव्हतें. अशा जीपचा ब्रेक जोडतां येणारे कारागीर गांवांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. नव्या कारखान्यांतील मुलें हुशार आहेत, परंतु त्यांची विद्या संगणक लावून दोष वाचण्याची. येथें संगणक लावावयास जागाच नाहीं. घरच्यांनीं हात काढून घेतला तर पांच-सात वर्षांत गाडी उघडणारें कोणीच राहणार नाहीं, आणि मग ती विकून टाकण्यावांचून गत्यंतर नाहीं.

शेवटीं तोड निघाली ती अशी. बाकी सर्व कामें घरचीं. ब्रेक आणि सुकाणू हींही उघडावयाचीं व स्वच्छ करावयाचीं घरच्यांनींच, पण जोडल्यावर आमच्या वृद्ध मिस्त्रींनीं प्रत्येक सांधा तपासल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर न्यावयाची नाहीं. सुटे भाग नामांकित कंपनीचे, पावतीसह, आणि नळ्या कितीही चांगल्या दिसल्या तरी ठराविक मुदतींत बदलावयाच्या. मिस्त्रींना आतां जवळचें नीट दिसत नाहीं. ते बोटें फिरवून पाहतात, आणि माझी पुतणी बॅटरी धरून त्यांना जें दिसत नाहीं तें सांगते. ती यंत्रशास्त्राच्या दुसऱ्या वर्षास आहे. कॉलेजांत शिकविलेलें पास्कलचें तत्त्व आपल्या अंगणांत पाय लावून दाबतां येतें याचें तिला प्रथम हंसूं आलें; आतां ब्रेकांतील हवा काढण्याचें काम तीच चालविते. हें काम एकट्यानें होतच नाहीं, म्हणून एकत्र कुटुंबास तें फार सोयीचें आहे. मुख्य सिलिंडरापासून सर्वांत दूरचें चाक आधीं घ्यावयाचें. एकानें पेडल दाबून धरावयाचा, दुसऱ्यानें चाकाजवळचा निप्पल उघडून बुडबुडे जाऊं द्यावयाचे व तो बंद केल्यावरच “सोड” म्हणावयाचें. आधीं सोडलें तर हवा उलट आंत जाते. पेडलवर हल्लीं काकू बसतात. त्या “सोड” म्हटल्याखेरीज सोडीत नाहींत, हें मिस्त्रींनींही कबूल केलें आहे.

सुटे भाग मिळविणें हा एक स्वतंत्र प्रवासच आहे. पनवेलांतील जुन्या दुकानांत वॉशर, बेअरिंग, पाट्यांचे बोल्ट अजून मिळतात. जें मिळत नाहीं त्यासाठीं कुर्ल्याच्या भंगार बाजारांत जावें लागतें. तेथें नांवानें मागण्यांत अर्थ नाहीं. जुना भाग पिशवींत घालून न्यावा व जोडीस जोड लावून पाहावी. तेंही साधलें नाहीं तर कळंबोलीचा लोखंडबाजार व तळोज्याचे लेथवाले आहेत. पितळी बुश ओतीव गजांतून कांतून मिळतो, आणि तो विकतच्यापेक्षां पुष्कळदां अधिक टिकतो.

कायद्याचीही बाजू आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढें दर पांच वर्षांनीं गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. २०२१ च्या धोरणानें जुन्या गाड्या मोडींत काढणारांस कांहीं सवलती देऊं केल्या, आणि २०२२ पासून नूतनीकरणाचें शुल्क पुष्कळ वाढलें. जुन्या जीपमध्यें दुसऱ्याच गाडीचें डिझेल एंजिन बसविण्याची हौस अनेकांस असते. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें मूळ बांधणींत असा फेरफार परस्पर करतां येत नाहीं, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तें स्पष्ट केलें आहे. आमचें एंजिन मूळचें आहे, म्हणून ती चिंता नव्हती. चिंता ब्रेकांचीच होती.

तपासणीच्या आधीं आम्हीं जीप धोदाण्यापर्यंत नेऊन आणली. पनवेल सोडून नेऱ्याकडे वळलें कीं, इमारती हळूहळू मागें पडतात. नेऱ्यास कुष्ठरोग्यांसाठीं १९५१ पासून काम करणाऱ्या संस्थेचें शांतिवन आहे. पुढें गाढी नदी कधीं उजव्या तर कधीं डाव्या हातास येते, समोर प्रबळगड व त्याला चिकटलेला कलावंतिणीचा सुळका, आणि डावीकडे माथेरानचा लांब कडा. नगरपालिकेचें देहरंग धरण याच खोऱ्यांत आहे. पनवेलकर जें पाणी पितात त्यांतील कांहीं येथून येतें. रस्ता संपतो तेथें माथेरानच्या भिंतीखालीं धोदाणी. वाटेंत आमच्या शेताचा ओढा लागला. पुढचीं चाकें जोडणारी दांडी तेथेंच ओढली, त्याआधीं नव्हे. कोरड्या डांबरावर चारही चाकें जोडून चालविणें हा जीपवर अन्याय आहे; वळणावर पुढचीं चाकें मागच्यांहून लांब वाटेनें जातात, आणि मध्यें तो फरक जिरविणारें कांहीं नसल्यामुळें सारा ताण दांत्यांवर पडतो. चिखलांत चाक थोडें घसरून तो ताण सुटतो. ओढा पार झाल्यावर पुतणीनें न सांगतां शंभर पावलें ब्रेक हलका दाबून गाडी चालविली. ओले ब्रेक धरीत नाहींत; असे घांसून त्यांना आधीं वाळवावें लागतें.

उतारावर तिनें तीनदां गाडी पूर्ण थांबविली. काकू मागें बसल्या होत्या. त्यांनीं कांहीं म्हटलें नाहीं, पण तिसऱ्या खेपेस हातांतला दांडा सोडून पिशवींतल्या भडंगाचा डबा काढला.

पुढें तपासणी झाली आणि पांच वर्षांचा दाखला मिळाला. अधिकाऱ्यांनीं शिंगाचा आवाज कमी आहे एवढाच शेरा मारला. तें काम दहा मिनिटांचें निघालें. येत्या मार्गशीर्षांत किंगपिनांचीं बेअरिंगें काढावयाचीं आहेत. त्यांपैकीं वरचें डावें एक कुर्ल्यास मिळालें नाहीं. मिस्त्रींच्या सांगण्यावरून जुनें पिशवींत घालून ठेवलें आहे.